बुवांच्या हातातला हार

या, असे पुढं सरका. दाराशी उभं राहून ऐकलं की अर्धी गोष्ट रस्त्यावरच सांडते. बसा, पान तोंडात असेल तर ते निवांत संपवा, टाळ मांडीवर ठेवा. एका फुलवालीची आणि तिच्या लेकीची गोष्ट सांगायची आहे. सगळी सांगेन, आडपडदा ठेवणार नाही, फक्त एक शब्द गाळून. त्या पोरीला शाळेतल्या पोरींनी एक नाव ठेवलं होतं. देवावरून उतरवलेली शिळी फुलं असतात ना, जी आपण उकिरड्यावर टाकत नाही, पाण्यात सोडतो, त्यांच्यावरून. शब्द तुम्हांला ठाऊक आहे, पण मी तो उच्चारणार नाही. का, ते ओघानं येईल.

तर दुर्गाबाईची टाळी अर्ध्यावर थांबली. दोन तळहात एकमेकांसमोर तसेच राहिले, मधे हवा. अकोल्यातल्या त्या देवळाच्या मंडपात दुपारचं कीर्तन रंगात आलं होतं, माघाचं ऊन खांबांच्या मधून बायकांच्या बाजूला आलं होतं, बुक्क्याचा आणि उदबत्तीचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि तेल्हाऱ्याचे वामनबुवा उपरणं सावरत, चिपळ्या एका हातात घेऊन म्हणाले होते, "आता पुराणातलं राहू द्या, परवाचं सांगतो. अमरावतीला राजापेठेत एक फुलवाली आहे. मोठी भाविक बाई. तिची एक लेक आहे." एवढंच म्हणाले होते. पण तेवढ्यानं दुर्गाबाईला पुढचं सगळं दिसलं. कारण ती फुलवाली म्हणजे तीच. आणि ती लेक, मैना, दहा वर्षांची, तिच्या उजव्या मांडीला गुडघा टेकवून बसली होती. डाव्या बाजूला दुर्गाबाईची धाकटी बहीण पंचफुला. पंचफुलाच्याच घरी मैनाला आणून ठेवलं होतं. येत्या सोमवारपासून ती इथल्या शाळेत जाणार होती. इथं तिला कोणी ओळखत नव्हतं, इथं ते दुसरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी पोटच्या पोरीला वर्षाच्या मधेच शाळेतून काढून, बडनेऱ्याहून पॅसेंजरमधे बसवून, गाव सोडायला लावलं होतं. आणि आता बुवा. अरे देवा, दुर्गाबाईच्या मनात आलं, जग केवढं आहे, गावं किती आहेत, पुराणं किती आहेत, तुमच्यापाशी ध्रुव आहे, प्रल्हाद आहे, मग माझीच पोर का सापडावी तुम्हांला?

पण सापडली कशी, ते तिला पक्कं ठाऊक होतं. बुवांना ती तिनंच दिली होती, हारासारखी, ओंजळीत धरून. तिनं मान वळवून मैनाकडं पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. नुसता तो गुडघा जाणवत होता. मघापर्यंत तालावर हलत होता, आता हलत नव्हता. हे सगळं सुरू झालं एका वेणीवरून, आणि ती वेणी तिच्याच हातची. राजापेठेत तिचं फुलांचं दुकान म्हणजे एक फळी, दोन टोपल्या आणि वर गोणपाट. रात्री उरलेली शेवंती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि सकाळी त्यातली बरी फुलं निवडून मैनाच्या केसांत माळायची. किती कौतुकानं! आपल्या लेकीच्या डोक्यात फुलं नाहीत असा एक दिवस जाऊ नये, असं तिला वाटायचं. फुलवाल्याच्या घरात तेवढी तरी श्रीमंती असते. दुपारपर्यंत ती फुलं कोमेजायची, कडा तांबूस व्हायच्या, हे तिला दिसायचं. त्यात काही आहे असं वाटायचं नाही. वाटलं ते वत्सला नावाच्या एका पोरीला. गोरी, नीटनेटकी, कचेरीतल्या साहेबांची. तिनं एकदा नाक धरून तो शब्द उच्चारला आणि वर्ग हसला. मैना आठवडाभर तशीच फुलं माळून शाळेत गेली. मग एका सकाळी वेणी घालताना मान बाजूला केली. "नको माय. फुलं नको." "काहून वं?" "डोकं दुखते." दुर्गाबाईनं तिच्या कपाळाला सुंठ लावली होती. ती सुंठ आठवली की आताही तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. पोरगी काय सांगून राहिली आणि आपण काय लावून राहिलो!

आणि मग जो तो शहाणा. गोष्ट थोडी थोडी बाहेर आली, आणि ज्याला त्याला उपाय ठाऊक. नवरा पुंजाजी मळ्यावरून आला, ऐकलं, आणि पायातला जोडासुद्धा न काढता म्हणाला, "तू बी एक ठेवून दे तिले. कानाखाली. आवाज आला पायजे." त्यानं निंबाच्या फांदीला कोंड्याचं पोतं टांगलं आणि संध्याकाळी पोरीला त्याच्यावर हात चालवायला शिकवला. "अशी नाही, अशी! खांद्यातून!" मैना मारायची, पोतं हलायचं, कोंडा गळायचा, पुंजाजी खूश. शेवटी तिनं खरंच वत्सलेला एक ठेवून दिली. मग माफी मैनालाच मागावी लागली, वर्गासमोर, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरी तिच्या हाताला लागलेली पाटीसुद्धा परकरानं पुसू लागल्या. पुंजाजीला हे सांगावं तर तो मिशीत हसतो, "पण मारली ना? वाघीण हाय मायी." वाघीण! वाघीण रात्री अंथरुणात नखं कुरतडते ते त्याला काय ठाऊक. शाळेतल्या माणिकबाई आणखी वेगळ्या. "अहो, पोरी चिडवतातच. तिला सांगा, चिडवलं की हसायचं. हसलं की समोरच्याचा उत्साह जातो." मैना हसली. आईनं सांगितलं म्हणून हसली. पोरींना वाटलं, हिलाही आवडतं. उत्साह दुप्पट झाला. मग दुर्गाबाई मोगऱ्याचा गजरा पुड्यात बांधून वत्सलेच्या आईकडं गेली. तिनं गजरा नाकाशी नेला, "वा, किती ताजा आहे हो," म्हणाली, आणि म्हणाली, "आमची वत्सला तशी नाही. उलट फारच हळवी आहे. त्या दिवशी मार खाऊन आली तर जेवली नाही." दुर्गाबाई माफी मागून परत आली. कशाची, ते रस्ताभर आठवत होती. गजरा गेला तो गेलाच.

मंडपात बुवा मैनाच्या वेणीपर्यंत आले होते. किती सुरेख सांगत होते! दुर्गाबाईला हेच असह्य होत होतं, की ते सुरेख होतं. वेणीच्या वर्णनावर त्यांनी एक ओवी म्हटली, तबल्यानं हलकी थाप दिली, शेजारच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, आणि तिची स्वतःची मानसुद्धा डोलायला निघाली होती. कीर्तन तिच्या अंगात लहानपणापासून होतं. घरात भाकर कमी पडली तरी चालेल, पण सप्ताहातलं कीर्तन चुकायचं नाही. बुवा उभे राहतात ती नारदाची गादी. तिथून निघालेला शब्द खरा असतो, तिथं खोटं बोलायचं नसतं आणि तिथं चाललेल्या कीर्तनातून आरतीआधी उठायचं नसतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिला श्वासासारखं येत होतं. आणि म्हणूनच तर घात झाला.

मार्गशीर्षात, राजापेठेत दत्ताचा सप्ताह चालू होता आणि कीर्तनाला हेच वामनबुवा आले होते तेव्हा. रविवारी ती मैनाचं डोकं धुत होती. पोरगी पाटावर ओणवी, केस सगळे तोंडावर, वरून आईचं कोमट पाणी. कदाचित तोंड दिसत नव्हतं म्हणूनच असेल, त्या केसांच्या आतून आवाज आला. पोरी तिच्या डोक्यातलं एक फूल काढायच्या, पाटीवर ठेवायच्या, आरती म्हणायच्या, आणि मिरवत नेऊन शाळेच्या विहिरीत टाकायच्या. आता फुलं नसतात तर दप्तर टाकलं. "तुले वाटलं ना का पाटी फुटली. फुटली नाही माय. विहिरीत हाय. आता म्हणतात, उद्या तुलेच सोडू." दुर्गाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी पोरीच्या मानेवरून निथळत होतं. "कोनाले सांगू नको," मैना म्हणाली. "नाही सांगत." "बाबाले बी?" "बाबाले बी नाही." "देवाची शप्पथ घे." "देवाची शप्पथ."

तिनं शपथ पाळली, सोमवारी दुपारपर्यंत. बुवांसाठी हार घेऊन ती मंदिराच्या मागच्या खोलीत गेली, बुवा ताक पीत होते, "काय दुर्गाबाई, चेहरा उतरला?" म्हणाले, आणि तिच्या तोंडून सगळं निघालं. ते नाव, ती विहीर, सगळं. आपण शपथ मोडतो आहोत असं तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. बुवा म्हणजे काय 'कोणी' आहेत का? देवाच्या माणसाला सांगितलं म्हणजे देवालाच सांगितलं. ज्याची शपथ त्याच्याच कानात. बुवांचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोला, फार चांगला माणूस. आणि संध्याकाळी पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लागला, दुर्गाबाईचाच हार त्यांच्या गळ्यात पडला, आणि उत्तररंगाच्या आधी त्यांनी तो शब्द घेतला, उघडा, सगळ्या राजापेठेसमोर, आणि त्याचं सोनं केलं. देवाच्या अंगावर राहून आलेलं फूल ताज्या फुलाहून मोठं, कारण ताज्याला अजून देव भेटायचा असतो. असं काय काय. मग "मैना, ये बाळ," म्हणून तिला पुढं बोलावलं, आपल्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला. जयघोष झाला. माणसं रडली. दुर्गाबाई तर पदर तोंडात धरून हुंदके देत होती. झालं, फिटलं, देवानंच सोडवलं! हार पोरीच्या गुडघ्यापर्यंत येत होता. त्या हाराच्या वर जो चेहरा होता, तो तिनं डोळे पुसल्यावर पाहिला. विहिरीच्या तळातून वर पाहावं तसा होता.

त्यानंतर काय काय झालं! आधी तो शब्द एका वर्गाला ठाऊक होता, आता बाजाराला झाला. आणि प्रेमानं. भाजीवाल्या म्हाताऱ्या लांबूनच हाक मारायच्या, "ये माय," आणि पुढं ते नाव, आणि तिच्या हाताला हात लावून स्वतःच्या डोळ्यांना लावायच्या. कोणी तिच्या पाया पडलं. सायकलवरची पोट्टी बुवांच्या चालीवर ते नाव म्हणत जायची, चिपळ्यांसकट, तोंडानं. वत्सलेला तर देवळाचीच परवानगी मिळाल्यासारखं झालं. "आमी तर आरती करतो हिची. बुवांनीच सांगतलं ना?" वैऱ्याशी भांडता येतं हो, पण पाया पडणाऱ्याशी कसं भांडावं? पुंजाजी म्हणाला, "तूच सांगतलं ना बुवाले?" एवढंच म्हणाला. मैना तेवढंसुद्धा म्हणाली नाही. तिनं फक्त शाळेत जाणं सोडलं, आणि आईशी बोलणं. म्हणजे 'हो' म्हणायची, 'नाही' म्हणायची, जेवू का विचारायची. केस मात्र आपले आपण धुवायला लागली.

"...आणि त्या दुष्ट मुलींनी लेकीला कोणतं नाव ठेवलं असेल?" बुवांनी विचारलं आणि थांबले. मंडप थांबला. मग त्यांनी ते नाव उच्चारलं. बायकांतून "अय्या, माय वं!" असा आवाज गेला, हळहळीचा, पण त्या हळहळीत चव होती, हे दुर्गाबाईला आज पहिल्यांदा ऐकू आलं. पुढच्या रांगेत पंचफुलाच्या गल्लीतली भागीरथा बसली होती, काल मैनाशी सागरगोटे खेळलेली, सोमवारी तिच्याच वर्गात असणारी. भागीरथेनं ते नाव ओठांवर एकदा घोळवून पाहिलं. घोळवलंच. आणि दुर्गाबाईला आठवलं की आज सकाळी सवयीनं, नुसत्या मेल्या सवयीनं, तिनं पंचफुलाच्या दारातली शेवंती ओवून हार केला होता आणि बुवांच्या ताटात नेऊन ठेवला होता. "दुर्गाबाई? तुम्ही इकडं कुठं? लेक बरी आहे ना?" "आली हाय ना बुवा, कीर्तनाले घेऊनच आली." कोणी विचारलं होतं? तोंडाला कुलूप का नसतं माणसाच्या? बुवांच्या गळ्यात आता तोच हार होता. आणि बुवांचा हात त्या हाराकडं जात होता.

डाव्या बाजूला पंचफुला फुलून गेली होती. "ताई, आपल्या मैनीचंच हाय ना हे?" तिचा हात वर उठायला लागला होता, इकडं, इकडं, असं दाखवायला. दुर्गाबाईनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तो हात हवेतल्या हवेत मिटला. "चूप बस." "पण..." "चूप बस म्हटलं ना तुले!" आता काय? उठून ओरडावं? तिचा आवाज राजापेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा होता. बुवा, पुरे करा, असं एकदा म्हटलं की सगळं थांबलं असतं, आणि सगळ्या अकोल्यानं वळून पाहिलं असतं. पोरीला ओढत बाहेर न्यावं? आरतीआधी? गेली असती ती, खड्ड्यात गेला नियम. पण पाठमोरी पोर सगळ्यांनी पाहिली असती. जे करावं ते पोरीच्याच अंगावर पडणार होतं. आजवर जे जे केलं, पोतं, गजरा, हसणं, हार, सगळं तिच्याच अंगावर पडलं होतं. आणि त्यातलं एकही तिला विचारून केलं नव्हतं. तेव्हा दुर्गाबाईनं मान वळवली. मैनाच्या कानाशी तोंड नेलं. "काय करू माय? तू सांग."

मैनानं तिच्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. "तू काहीच नको करू," ती म्हणाली.

"आणि भाग्य बघा," बुवांनी हार गळ्यातून काढून हातात घेतला, "ती लेक आज याच मंडपात बसली आहे."

मंडपात कुजबुज उठली. "कोनती वं?" "कुठीशी हाय?" माना वळल्या, बायका गुडघ्यांवर उठल्या. भागीरथा गर्रकन मागं फिरली आणि मैनालाच विचारलं, "कोन हाय वं ते?" दुर्गाबाईनं दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. काही न करणं इतकं दुखतं हे तिला ठाऊक नव्हतं. बाळंतपणात दुखलं नव्हतं एवढं. मैनानं मान उंच केली, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, खांबाच्या पलीकडं डोकावली, जशा बाकीच्या पोरी डोकावत होत्या तशीच. "दिसत नाही," ती भागीरथेला म्हणाली. "तिकडे असंन."

दुर्गाबाईनं श्वास घेतला आणि तीही पाहायला लागली. माग काढल्यासारखी, डोळे बारीक करून, आपल्याच पोरीला गर्दीत शोधायला लागली. शोधता शोधता तिचे डोळे बुवांच्या डोळ्यांवर आले. बुवा तिच्याकडंच पाहत होते. त्यांना ती केव्हाचीच दिसली होती, तिच्याशेजारची मैनाही. त्यांच्या हातात हार होता, ओठांवर हाक आलेली. दुर्गाबाईनं आयुष्यात कुठल्या बुवाला नाही म्हटलं नव्हतं. तिनं मान हलवली. इतकी थोडी, की शेजारच्या पंचफुलालासुद्धा कळली नाही. नाही. टाळकरी टाळ धरून थांबला होता. पेटीचा भाता अर्धा भरून तसाच. हाराची शेवटची शेवंती बुवांच्या धोतराला लागत होती. बुवांनी पुन्हा मैनाकडं पाहिलं, त्या उंच केलेल्या, स्वतःलाच शोधणाऱ्या मानेकडं. आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, तालमीत पाठ केलेलं, गोड.

"नाही," बुवा म्हणाले. "आली नाही वाटतं. चुकलो मी. अमरावतीलाच आहे ती."

नारदाच्या गादीवरून, चिपळ्या हातात असताना, बुवा खोटं बोलले. मग इकडंतिकडं पाहिलं, हाराचं काय करावं सुचेना, आणि तो शेजारच्या नत्थुजी पेटीवाल्याच्या गळ्यात टाकला. नत्थुजी इतका दचकला की पेटीतून भलताच सूर निघाला. मंडप खदखदून हसला. मैनाही हसली; आणि हे हसणं तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. दुर्गाबाईनं मांड्यांखालून हात काढले. ते बधिर झाले होते.

आरती झाली. रांगेनं सगळे बुवांच्या पाया पडत होते. मैनाची पाळी आली, मागं भागीरथा होती. दुर्गाबाईनं ओठ दातांत धरले. बुवांनी खडीसाखर पोरीच्या हातावर ठेवली आणि तिच्याकडं असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहत आहेत. "नाव काय बाळ तुझं?"

"मैना."

"मैना," बुवा मोठ्यानं म्हणाले, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, जप केल्यासारखं. "छान नाव आहे."

रविवारी सकाळी पंचफुलाच्या अंगणात दुर्गाबाई आपले केस सोडवत बसली होती. मैना पाट घेऊन आली, मांडला आणि पाठ करून त्यावर बसली. "पानी जास्त गरम नको करू," म्हणाली. दुर्गाबाईनं पाणी घातलं. केसांच्या आतून एक गोष्ट निघाली, मग आणखी एक. काय होत्या, ते दुर्गाबाईनं आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बुवांना नाही, पुंजाजीला नाही, मला तर नाहीच. म्हणून तुम्हांलाही सांगता येत नाही.

आता आरतीची वेळ झाली, उठायला हरकत नाही. जाताना एवढं करा. कधी देवापुढं फूल वाहाल, किंवा दुसऱ्या दिवशी ते उतरवून पाण्यात सोडाल, तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा. तिचं नाव मैना. दुसरं काही नाही. मैना.